सरकारी मदत हवी? आधी घरातली फाइल उघडा

आमच्या मजल्यावरच्या चार घरांत धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे यजमान मागच्या पावसाळ्यात गेले. वय ४७. इमारतींना रंग देण्याचे काम करायचे. छातीत दुखू लागले म्हणून रिक्षातून दवाखान्यात नेले आणि दोन तासांत सगळे संपले. मागे मावशी, बारावी झालेला मुलगा आणि नववीतली मुलगी.

तेराव्यानंतर मावशी कामावर परत आल्या तेव्हा सोसायटीतल्या जवळपास प्रत्येकाने त्यांना एकच सल्ला दिला, ‘‘सरकारच्या खूप योजना असतात, अर्ज करून टाका.’’ कोणती योजना, अर्ज कुठे द्यायचा, सोबत काय जोडायचे, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नाही. रोज मोबाइलवर दहा योजनांच्या बातम्या वाचणाऱ्या माझ्यासारखीला आपल्या वॉर्ड ऑफिसात कोणत्या खिडकीवर काय मिळते, हे ठाऊक नव्हते.

एका रविवारी मावशी घरातले सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून घेऊन आल्या. रेशन कार्ड, दोन-तीन आधार कार्डे, विजेचे बिल, मुलांच्या शाळेचे दाखले, यजमानांचे बँकेचे पासबुक. आम्ही ते जमिनीवर पसरले आणि एकेक वाचायला बसलो. पुढचे काही महिने त्या पिशवीने मला जे शिकवले, ते तुम्हाला सांगायचे आहे. कारण अशी पिशवी बहुतेक घरांत असते आणि ती उघडण्याची वेळ नेमकी सगळ्यात वाईट दिवशी येते.

पासबुकातली एक ओळ

पासबुकात मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये कापल्याची नोंद होती. मावशींना वाटले, बँकेने कसला तरी दंड लावला. मलाही आधी तसेच वाटले. पण बँकेत विचारल्यावर कळले की तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता आहे. कधीतरी खाते उघडताना किंवा एखाद्या शिबिरात त्यांनी फॉर्मवर सही केली असणार. घरी सांगितले नाही किंवा त्यांच्याही लक्षात राहिले नाही.

ही योजना २०१५ पासून सुरू आहे. बचत खाते असलेल्या १८ ते ५० वयाच्या कुणालाही ती घेता येते आणि पुढे वयाच्या ५५ वर्षांपर्यंत चालू ठेवता येते. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला २ लाख रुपये मिळतात. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते, म्हणून हप्ता मे महिन्यात आपोआप कापला जातो. खात्यात त्या दिवशी ४३६ रुपये नसले तर विमा बंद पडतो आणि बऱ्याचदा ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

हिची धाकटी बहीण म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. हप्ता वर्षाला फक्त २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू झाला तर २ लाख. जनधन खात्याच्या रुपे कार्डावरही अपघात विमा असतो, पण त्यासाठी अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत ते कार्ड एकदा तरी वापरलेले असावे लागते. कपाटात जपून ठेवलेले कार्ड इथे उपयोगाला येत नाही.

मावशींनी शाखेत दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, स्वतःचे आधार आणि पासबुक दिले. दीड महिन्याने पैसे खात्यात आले. त्या दिवशी त्या माझ्याकडे पेढे घेऊन आल्या नाहीत, दारात उभ्या राहून नुसत्या रडल्या. ‘‘त्यांनी हे करून ठेवलं होतं, मला म्हणाले नाहीत कधी,’’ एवढेच म्हणाल्या.

तेव्हा तुम्ही आज एक काम करा. घरातल्या प्रत्येकाचे पासबुक छापून घ्या आणि मे-जूनमधल्या नोंदी बघा. ४३६ किंवा २० चा आकडा दिसला, तर ते कुणाच्या नावावर आहे आणि वारस म्हणून कुणाचे नाव दिले आहे, हे बँकेत विचारून घ्या. गावाकडे आई-वडिलांचे खाते असेल तर त्यांचेही बघा. दुर्दैवाने घरात कुणी गेले असेल, तर दाव्यासाठी वेळ घालवू नका, लगेच शाखेत जा.

नाव एकच, स्पेलिंग तीन

विमा मिळाला, पण त्याआधी महिनाभर आम्ही नावाच्याच मागे होतो. यजमानांचे नाव आधारवर एका तऱ्हेने, पासबुकात दुसऱ्या तऱ्हेने आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसऱ्याच तऱ्हेने. एका ठिकाणी वडिलांचे नाव मध्ये, एका ठिकाणी ते गायब. मराठीत वाचले तर माणूस एकच, इंग्रजीत वाचले तर तिघे. संगणकापुढे बसलेल्या माणसाला यात काही करता येत नाही, तो कागद परत करतो.

म्हणून नावे जुळवण्याचे काम संकट येण्याआधी करायचे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा केंद्रावर जाण्याआधी स्पेलिंग कागदावर लिहून न्या आणि स्क्रीनवर स्वतः वाचून मगच हो म्हणा. मृत्यूच्या दाखल्यात चूक असेल तर ज्या कार्यालयात नोंद झाली, तिथल्या निबंधकाकडे पुरावा देऊन ती दुरुस्त करता येते. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंद दवाखाना कळवतो, पण नाव काय लिहिले आहे, हे त्या गोंधळात कुणी बघत नाही. जमल्यास शेजारच्या एखाद्याला तेवढेच काम सांगा. घरी मृत्यू झाला असेल तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत नोंद करायची, तोवर त्याला शुल्क लागत नाही. वर्ष उलटून गेले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, मग चकरांना अंत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला माहीत नव्हती. सरकारी मदतीचे पैसे आता बहुतेक वेळा आधारला जोडलेल्या खात्यात जातात. तुमची तीन बँकांत खाती असतील आणि तिन्हींना आधार दिला असेल, तरी पैसे एकाच खात्यात येतात. सरकारी अनुदानासाठी सगळ्यात शेवटी जे खाते आधारशी जोडले गेले, त्यात. मावशींच्या लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांचे दोन हप्ते असेच ‘हरवले’ होते. ते मुलाने मोबाइलवर उघडलेल्या एका नव्या खात्यात पडून होते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघता येते. दोन मिनिटांचे काम आहे.

कोणते दार कशासाठी

आपण सगळ्याला ‘सरकार’ म्हणतो, पण सरकारला दारे बरीच आहेत आणि चुकीच्या दारात उभे राहिले की दिवस वाया जातो, रोजंदारी बुडते. गावात जन्म-मृत्यूची नोंद, रहिवासी दाखला, घरकुलाची यादी ही कामे ग्रामपंचायतीची. उत्पन्नाच्या दाखल्याची चौकशी तलाठी करतो, दाखला तहसीलदारांच्या सहीचा असतो. (महाराष्ट्रात २०२४ मध्ये तलाठ्याचे ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ग्रामसेवकाचे ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नामकरण झाले. लोक अजून जुन्याच नावाने हाक मारतात आणि काम त्यानेही होते.) रेशनची कामे तालुक्याच्या पुरवठा शाखेत, मोठ्या शहरात शिधावाटप कार्यालयात.

ग्रामपंचायत आणि महापालिकेकडे स्वतःचाही पैसा असतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी आपल्या निधीतला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामपंचायतींना उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणासाठी ठेवावा लागतो. पुणे महापालिकेची शहरी गरीब वैद्यकीय साहाय्य योजना तर फक्त त्या शहरातल्या रहिवाशांसाठी आहे. तेव्हा ग्रामसभेत जाऊन ‘या वर्षी हा निधी कशावर खर्च झाला’ असा प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. घरकुलाची यादीही ग्रामसभेपुढेच येते. ज्या दिवशी ती वाचली जाते, त्या दिवशी आपण शेतावर असतो आणि मग पाच वर्षे म्हणत बसतो की आमचे नावच आले नाही.

या सगळ्या दारांवर लागणारा पहिला कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला. अर्ज ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर घरूनही करता येतो किंवा सेवा केंद्रात जाऊन. केंद्रात दरफलक लावलेला असतो, त्यावर असेल तेवढेच पैसे द्या. दाखल्यासोबत द्यायचे जे स्वयंघोषणापत्र आहे, ते साध्या कागदावर चालते, त्यासाठी महागडा स्टॅम्प पेपर विकत घ्यायची गरज नाही. झेरॉक्सवर आपणच सही करून द्यायची.

मिळाले नाही, तेही सांगायला हवे

आता जे हाती लागले नाही, त्याबद्दल. घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला, तर केंद्राच्या राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून कुटुंबाला एकरकमी २०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. मावशींचे यजमान ४७ वर्षांचे होते, म्हणून आम्ही मोठ्या आशेने गेलो. पण योजना दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी आहे आणि यादीत त्यांचे नाव नव्हते. जुनी यादी झाली तेव्हा हे कुटुंब गावातही नव्हते आणि शहरातही धड नव्हते. खोली बदलत राहणाऱ्यांचे असेच होते.

विधवा आणि निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. महिना १,५०० रुपये, दिव्यांगांना आता २,५००. वय ६५ च्या पुढे असेल तर श्रावणबाळ योजना. पण संजय गांधी योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट वर्षानुवर्षे २१,००० रुपयेच राहिली आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००. भागाकार करून बघा, २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. शहरात एका घरची भांडी घासूनही बाई त्याहून जास्त कमावत असेल. म्हणजे जी बाई राबून पोट भरते, ती ‘निराधार’ ठरत नाही. मला ही अट अन्यायाची वाटते. तिच्यामुळे खरे बोलणारा बाहेर राहतो आणि उत्पन्न कमी दाखवण्याचा सल्ला देणाऱ्यांचे फावते. तसाच सल्ला मावशींनाही मिळाला होता, कार्यालयाच्या आवाराबाहेर, दोन हजार रुपयांच्या बदल्यात. त्यांनी नकार दिला. पुढे कळले की लाडकी बहीण योजनेचे १,५०० घेत असताना त्यांना याचा वेगळा फायदा तसाही झाला नसता. दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत.

ज्यांना संजय गांधी किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतात, त्यांनी दरवर्षी जानेवारी ते मार्चमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो राहिला की पैसे थांबतात. गावात एकटी राहणारी आजी असेल, तर या एका कामासाठी तिला फोन करून आठवण करा.

सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. रंगकाम हे बांधकाम कामगाराचेच काम. वर्षात ९० दिवस असे काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कुणालाही राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. १९९६ च्या कायद्याने प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या खर्चातून उपकर गोळा होतो, तो पैसा याच कामगारांचा. महाराष्ट्रात नोंदीत कामगाराचा नैसर्गिक मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख आणि कामावर असताना झाला तर ५ लाख रुपये मिळतात. मुलांना शिष्यवृत्त्या वेगळ्या. यजमानांनी पंचवीस वर्षे भिंती रंगवल्या, पण नोंदणी नव्हती. पिशवीत ई-श्रम कार्ड होते. त्यांना वाटत होते, तीच नोंदणी. ई-श्रम हा असंघटित कामगारांचा राष्ट्रीय डेटाबेस आहे, बांधकाम मंडळाची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिचे नूतनीकरणही वेळेवर करावे लागते. तुमच्या ओळखीत गवंडी, सुतार, प्लंबर, फरशी बसवणारे, रंगारी असतील, तर हा एवढा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

मुलीसाठीची योजना

याउलट जिथे काहीच अपेक्षा नव्हती, तिथून मदत मिळाली. मुलीच्या शाळेतल्या बाईंनी विचारले, ‘‘बालसंगोपनचा अर्ज केला का?’’ हे नाव आम्ही पहिल्यांदाच ऐकले.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना ही महाराष्ट्राची योजना. आई किंवा वडील यांपैकी एक जरी गेले असतील, तरी १८ वर्षांपर्यंतच्या मुलाच्या संगोपनासाठी महिना २,२५० रुपये मिळतात. दोन्ही पालक नसलेल्यांसाठीच आहे, असा बहुतेकांचा समज असतो, तो चुकीचा. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करायचा. घरी येऊन चौकशी होते, मग बालकल्याण समितीपुढे मुलाला आणि पालकाला जावे लागते. मावशींच्या मुलीला त्या समितीची फार भीती वाटत होती. पोलीस असतात का, असे तिने मला विचारले. नसतात. टेबलापलीकडे बसलेल्या बाईंनी तिला शाळा, आवडता विषय आणि घरी कोण कोण आहे एवढेच विचारले. अर्जापासून मंजुरीपर्यंत काही महिने गेले. पैसेही दर महिन्याला येत नाहीत, काही महिन्यांचे एकदम येतात, हे आधीच माहीत असलेले बरे. पण त्यातून तिची क्लासची फी निघते.

तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये अशाच मुलांसाठी महिना ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपयांच्या आत असावे लागते. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. पत्ता सापडत नसेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर विचारा. तो नंबर फक्त हरवलेल्या मुलांसाठी आहे, असे मलाही वाटायचे.

दवाखान्याची वेळ आली तर

इथे थोडक्यातच सांगते, कारण यावर बरेच लिहिले जाते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२४ पासून पांढऱ्या रेशन कार्डासह सगळ्या कुटुंबांना लागू आहे. यादीतल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो, आधी तिथे जायचे. केंद्राच्या आयुष्मान कार्डाचा उपयोग परराज्यातल्या संलग्न रुग्णालयातही होतो आणि ७० वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना उत्पन्नाची अट नाही. चौकशीचा नंबर १४५५५.

कमी माहीत असलेली गोष्ट धर्मादाय रुग्णालयांची. महाराष्ट्रात विश्वस्त संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३,६०,००० पर्यंत. ही मर्यादा २१ हजारांसारखी नाही, नीट वाचा. आपल्यातली कितीतरी पगारदार कुटुंबे दुसऱ्या गटात बसतात. तातडीच्या वेळी अनामत रकमेसाठी रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा, उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड दाखवा आणि शक्यतो दाखल होतानाच सांगा. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आल्यावर सांगितले की वादावादीच होते.

महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव किंवा दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा एक नेहमीचा गोंधळ असतो. कागद गावचे, राहणे इथले. मग अर्ज कुठे करायचा?

रेशनचे उत्तर सोपे आहे. एक देश एक रेशन कार्ड ही सोय २०२२ पासून सगळ्या राज्यांत आहे. अन्नसुरक्षा कायद्यात बसणारे कार्ड असेल तर माणशी महिना ५ किलो धान्य (अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो) देशातल्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून घेता येते. धान्य सध्या मोफत आहे. नवरा सुरतेत आणि बाकीचे जळगावात असतील, तर त्याने आपल्या वाट्याचे तिकडे घ्यावे आणि घरच्यांनी इकडे. त्यासाठी कार्ड बदलायची गरज नाही, फक्त सगळ्यांचे आधार जोडलेले आणि ई-केवायसी झालेले हवे.

पेन्शनचे तसे नाही. ज्येष्ठांसाठी केंद्राचा वाटा अगदीच तुटपुंजा, ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये आणि ८० नंतर ५००. विधवांना ४० ते ७९ या वयात ३००. त्यावर प्रत्येक राज्य आपली भर घालते आणि आकडे कुठल्या कुठे जातात. मध्य प्रदेशात ६००, गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत २,०००, तेलंगणात २,०१६, आंध्रात ४,०००. पण त्यासाठी तुम्ही त्या राज्याचे रहिवासी असावे लागता. महाराष्ट्राच्या निराधार योजनेसाठी आणि गोव्याच्या योजनेसाठी १५ वर्षांचे वास्तव्य लागते. म्हणून ज्या राज्यात म्हातारपण काढायचे आहे, तिथले रहिवासी पुरावे आजपासून जमवा. मतदार यादीतले नाव, विजेचे बिल, भाडेकरार, मुलांच्या शाळेचे दाखले. आज रद्दी वाटणारे हेच कागद पुढे कामाला येतात.

पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

एका कार्यालयात आमचा अर्ज तीन वेळा तोंडी परत आला. ‘साहेब नाहीत’, ‘अजून एक कागद लागेल’, ‘सोमवारी या’. तीनही वेळा आमच्या हातात काही नव्हते, त्यामुळे आम्ही तीन वेळा गेलो याचाही पुरावा नव्हता. चौथ्या वेळी मावशी म्हणाल्या, ‘‘ताई, त्यांना लिहून द्यायला सांगा ना, की कशामुळे घेत नाही.’’ मी तसे सांगितले. अर्ज घेतला गेला.

पुढे वाचल्यावर कळले की मावशी जे सहज बोलल्या, तेच कायद्यात आहे. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित झालेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली असते, काम कुणी करायचे आणि त्याच्यावरचा अधिकारी कोण, हे कार्यालयात फलकावर लावायचे असते. अर्जाची पोच मिळायला हवी. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचे. मुदतीत काम झाले नाही किंवा नाकारले गेले तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील, मग दुसरे, त्यानंतर आयोगाकडे. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. असा कायदा देशात पहिल्यांदा मध्य प्रदेशाने २०१० मध्ये केला, तिथे लोक सेवा केंद्रांत अर्ज घेतात. कर्नाटकात याच कामाला ‘सकाल’ म्हणतात. बहुतेक राज्यांत हे आहे, नावे तेवढी वेगळी.

भांडायची गरज नसते. खिडकीवरचा माणूसही दिवसभर लोकांची बोलणी खात असतो. फक्त अर्ज क्रमांक घ्या, मोबाइलवर फोटो काढा आणि त्याखाली तारीख लिहा. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी, किंवा प्रकरण अडलेच तर, तालुका विधी सेवा समितीकडे मोफत मदत मिळते. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. नंबर १५१००.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘शेवटचे दोन दिवस, लिंक भरा’ या संदेशांपासून मात्र लांब राहा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो. ओटीपी कुणालाही फोनवर द्यायचा नाही, समोरचा कितीही गोड मराठी बोलत असला तरी. आपल्याला कोणती योजना लागू होते, हे बघायला केंद्राचे ‘मायस्कीम’ संकेतस्थळ आहे. वय, राज्य, उत्पन्न भरले की यादी येते. यादी लांबलचक असते, त्यातल्या दोन-तीनच कामाच्या निघतात, पण त्या दोन-तीन कळणेही काही कमी नाही.

मावशींची पिशवी आता गेली. त्याजागी कप्प्यांची निळी फाइल आली, पहिल्या कप्प्यात सगळ्या पावत्या. मुलगा वडिलांच्याच ठेकेदाराकडे रंगकामाला जातो आणि संध्याकाळी कॉलेज करतो. बांधकाम मंडळाच्या नोंदणीसाठी त्याला ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा आहे. ठेकेदार गेले तीन आठवडे ‘पुढच्या सोमवारी देतो’ म्हणतो आहे. हा दाखला महापालिकेकडूनही मिळू शकतो, तेव्हा येत्या सोमवारी त्याने दिला नाही, तर मंगळवारी आम्ही वॉर्ड ऑफिसात जाणार आहोत. मावशींनी त्या दिवसाची चारही घरांतून सुट्टी आधीच मागून ठेवली आहे.